वाकून केलेलं भाषण

भागरताबाई,

तुमच्या तेरवीला लोक तुमच्याबद्दल इतकं गोड बोलत होते, की आपण भलत्याच घरी जेवायला आलो असं मला क्षणभर वाटलं. पाटील म्हणाले, माउली होती. हेच ते पाटील, ज्यांच्या धानाच्या बांधीत लावणीचा रोवणा अर्धा टाकून तुम्ही अख्ख्या टोळीसकट घरी निघून गेला होतात. त्यांचा साळा तुळशीराम म्हणाला, मला धाकट्या भावासारखं वागवलं. तुम्ही त्याला काय म्हणत होता ते मला इथे लिहिता येत नाही, कारण मी सरकारी नोकर आहे. वरणभाताचं पान पुढ्यात घेऊन मी बसून राहिले. या सगळ्याला तुमच्याकडून एक सणसणीत उत्तर येईल अशी वाट पाहत होते. ते आलं नाही, तेव्हा कुठे तुम्ही गेलात हे मला खरं वाटलं.

घरी आल्यावर वाटलं, आपली भांडणं तर सगळी अर्धवटच राहिली. ती आता लिहूनच पुरी करायची. या वेळी तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही, हा माझा फायदा.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असणारच, कारण तुम्ही ती गावभर सांगितली होती. मी भद्रावतीची पोर, कुरखेड्याच्या विकास गटात नवी ग्रामसेविका म्हणून आलेली. पांढरी साडी, हातात छत्री, खांद्यावर दोरीचं भेंडोळं आणि दोरीला ठरावीक अंतरावर बांधलेल्या लाल चिंध्या. धान जपानी पद्धतीनं लावायचं असं सरकारनं ठरवलं होतं, म्हणजे दोरी ताणायची, चिंधी येईल तिथे रोप लावायचं आणि सगळं रांगेत. हे तुमच्या रोवण्याच्या टोळीला पटवायचं काम माझ्याकडे आलं होतं. इकडे वडिलांनी सांगून ठेवलं होतं की नोकरी पक्की झाली तर ठीक, नाहीतर परत ये, स्थळं पाहून ठेवली आहेत. आणि मला तर चारचौघांत बोलताच येत नसे. शाळेत हजेरीच्या वेळी माझं 'हजर' शेजारची मुलगी सांगायची.

मी बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहून बोलायला लागले. खाली चिखलात तुम्ही सगळ्या एका ओळीत ओणव्या, रोपांचे पऱ्हे लावत मागे मागे सरकत होता. माझं सगळं सांगून झालं तरी एकीनंही मान वर केली नाही. मग ओणव्यानंच तुमचा आवाज आला.

"कोण बोलून राह्यलं वो? चिमणी बसली काय धुऱ्यावर?"

टोळी हसली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जपानचं नाव ऐकल्यावर मात्र तुमचे हात थांबले.

"जपान कुठी हाय?"

"समुद्रापलीकडे."

"मंग तिथले लोक इथी येऊन रोवणा करून देतीन काय?"

"नाही. पद्धत तिकडची. धान आपलाच."

"मंग धानाले काय मालूम, तो जपानी हाय का कुरखेड्याचा?"

आमच्या प्रशिक्षणात याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. मी दोरी गुंडाळली आणि खोलीवर येऊन पोटभर रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंक भरत होते, तर तुम्ही दारात उभ्या. गालात तंबाखू, कमरेला विळा.

"कुठी चालली?"

"घरी."

"काऊन?"

"इथं माझं कोणी ऐकत नाही."

तुम्ही दाराशी जाऊन पिंक टाकून आलात आणि ट्रंकेवर बसलात. "धुऱ्यावर उभं राहून बोलते त्याचं कोण ऐकन? पाटीलबी तिथूनच बोंबलते. बांधीत आमाले तोंड नसते पोरी, पाठ असते. तू खाली उतर. पाठीशी बोल."

तुम्ही ट्रंकेवरून उठेनात, म्हणून मला चिखलात उतरावं लागलं. माझी एक चप्पल त्या दिवशी जी गेली ती अजून पाटलांच्या बांधीतच आहे. तुम्ही मला ओळीच्या मध्ये घेतलंत. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तुमची सून सुभद्रा. ती माझ्याच वयाची, बोलायला कंजूष, पण हात असे चालायचे की तिच्या शेजारी उभं राहणाऱ्याला आपोआप घाई सुटायची. मी वाकले. तोंडासमोर नुसता चिखल. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं आणि मला कोणाकडे पाहायचं नव्हतं. आणि काय सांगू, घशात अडकलेला आवाज सुटला. दुपारपर्यंत मी दोरी, चिंध्या, खत, निंदण, सगळं सांगून टाकलं. आठवड्याभरात इतक्या मोठ्यानं बोलायला लागले की तुम्हीच म्हणालात, "हळू बोल, बैल बुजून राह्यले." माझ्या आयुष्यात मला हळू बोल असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्या दिवशी मी खोलीवर नाचत आले होते.

त्या साली सरकारचं मन मोडू नये म्हणून तुम्ही एका बांधीत दोरी लावू दिलीत. धान चांगला झाला. तुम्ही म्हणालात, पाऊस चांगला होता. पुढच्या वर्षी पाऊस बेताचा होता, धान तरी चांगला झाला. तुम्ही म्हणालात, शेणखत जास्त पडलं असन. दोरीमुळे झाला हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. पण ती दोरी दुसऱ्या कोणाला हातही लावू दिली नाहीत, रात्री उशाशी ठेवत होता असं तुमचे यजमान दशरथभाऊ सांगायचे. माझी नोकरी पक्की झाली. वडिलांनी पाहून ठेवलेली स्थळं हळूहळू दुसरीकडे खपली.

आता त्या भांडणाकडे येते. पहिल्या मोसमात माझी पक्की समजूत झाली होती की मला रोवणा उत्तम जमतो. का नाही होणार? तुम्ही प्रत्येकीला झापत होता. हिची रोपं तिरपी, तिची खोल, ती पाट्या टाकते. मला चकार शब्द नाही. दुसऱ्या वर्षी एकदा संध्याकाळी धुऱ्यावर विसरलेली छत्री घ्यायला मी परत गेले, तर तुम्ही एकट्या बांधीत. माझ्या पट्ट्यात. पाण्यावर तरंगणारी माझी रोपं एकेक करून उचलून परत रोवत होता.

"हे रोजचंच आहे?" मी विचारलं.

"रोजचंच. मागच्या सालीबी."

"मग मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तं दुसऱ्या दिवशी आली असती काय?"

मी तुमच्याशी चार दिवस बोलले नाही. माझं म्हणणं होतं, आणि अजून आहे, की मोठ्या माणसाला त्याची चूक तोंडावर सांगावी, असं पाठीमागे दुरुस्त करत बसू नये. तुमचं म्हणणं होतं, "नव्या बाईले पयल्या साली चूक सांगाची नाई. पयले चिखलाचं भेव जाऊ दे. चूक कुठी पळून चालली?" हा वाद आपण धुऱ्यावर घातला, बैलांच्या बंडीत बसून घातला, तुमच्या चुलीपुढे घातला. एकदा तर तुमचा भात करपेपर्यंत घातला, आणि दशरथभाऊंनी तो काही न बोलता खाल्ला.

तुमच्या या नियमाची दुसरी बाजू मला जास्त छळायची. नव्या बाईला तुम्ही चूक सांगत नव्हता, आणि सुभद्राला कौतुक. कामावरून सुटलात की माझ्या खोलीवर येऊन बसायचात आणि सुरू व्हायचात. "आज सुभद्रानं टोळी कशी ओढली पाह्यलं काय? कोणाले बोलत नाई, पण ते मधात असली का ओळ मोडतच नाई. तिच्या वयात मले नाई जमलं. माह्या माघारी तेच चालवन टोळी." आणि घरी गेल्यावर त्याच सुभद्राला म्हणायचात, "पाणी आण."

मी म्हणायची, हे तिला सांगा. तुम्ही म्हणायचात, "तोंडावर सांगितलं तं डोक्यावर बसन." मी हट्टच धरला की म्हणायचात, "सांगीन. पुढच्या रोवण्याले." एकदा वैतागून मी विचारलं, चूक सांगायची नाही, कौतुक सांगायचं नाही, मग माणसानं माणसाशी बोलायचं तरी काय?

"काम सांगाचं," तुम्ही म्हणालात, आणि जिंकल्यासारख्या उठून गेलात.

तुम्हालाही कशाची भीती वाटत असेल, हे मला मुकादमकीच्या भानगडीपर्यंत माहीत नव्हतं. गटानं ठरवलं की रांगेतला रोवणा शिकवायला गावोगाव फिरणारा एक मुकादम नेमायचा, आणि आजूबाजूच्या टोळ्या त्याच्या हाताखाली द्यायच्या. पाटलांनी तुळशीरामचं नाव पुढे केलं. तुळशीराम बहिणीकडे राहायला आला होता तो राहिलाच होता. त्याचे पाय चिखलात कोणी पाहिले नव्हते, छत्री मात्र हातातून सुटलेली कोणी पाहिली नव्हती. पाटलांचा मुद्दा असा की, बाईच्या हाताखाली कोण काम करणार? हे ऐकून माझ्या खोलीत तुम्ही इतक्या कडाडलात की भिंतीवरची पाल पळाली. "मंग इतके साल कोणाच्या हाताखाली करून राह्यले हे लोक?" पण चावडीवर गटाच्या बीडीओ साहेबांसमोर तेच बोलायची वेळ आली, तर तुम्ही पदर नाकापर्यंत ओढून भिंतीशी बसलात. मला वाटलं, तुमची तब्येत बिघडली.

बीडीओ साहेब भांडणाला घाबरणारे. त्यांनी तोड काढली की उन्हाळ्यात चांद्याला शेतकरी मेळावा आहे, मोठे साहेब येणार आहेत, दोघांनीही मंचावर पद्धत समजावून सांगावी. मोठ्या साहेबांना ज्याचं पटेल तो मुकादम. तुळशीरामनं त्याच दिवशी गावात जाहीर केलं की मुकादम झाल्यावर टोळीतल्या म्हाताऱ्या बायांना आधी काढणार. त्या म्हाताऱ्यांपैकी निम्म्यांचं पोट त्या रोवण्यावरच चालायचं, हे तुम्हाला माहीत होतं आणि त्यालाही.

तरी तुम्ही म्हणालात, "मी नाई जात."

"काऊन?" मी विचारलं. एव्हाना मला तुमचं काऊन चांगलं यायला लागलं होतं.

तुम्ही दोरीच्या चिंध्या सारख्या करत बसलात. मग म्हणालात, "तिथी सगळे माह्या तोंडाकडे पाहतीन. बांधीत कोणी पाहत नाई."

जिच्या हाकेनं पाटलांचे बैल वळत, तिला माणसांच्या तोंडांची भीती वाटत होती. मला हसू आलं नाही. ही भीती माझ्या चांगल्या ओळखीची होती. मी तुम्हाला शिकवायला बसले, आणि मी शिकवणार हे ऐकून तुमच्या घरातली शेळीसुद्धा उठून गेली. दशरथभाऊंना समोर बसवलं आणि म्हटलं, यांच्याकडे पाहून बोला. तुम्ही पहिलं वाक्य बोललात तोवर दशरथभाऊ घोरायला लागले. "लग्न झालं तवापासून असाच ऐकते," तुम्ही म्हणालात, आणि तालीम तिथेच संपली.

वडशापर्यंत बंडी, तिथून छोट्या रेल्वेनं चांदा. गाडीभर तुम्ही दोरी मांडीवर घेऊन बसलात. समोरच्या बाकावर तुळशीराम डोळे मिटून भाषण पाठ करत होता, मध्येच 'मान्यवर' म्हणून दचकत होता. तुम्ही मला हळूच विचारलंत, ही गाडी आजच परत जाते काय.

मेळाव्यात तुमचं नाव पुकारलं गेलं. तुम्ही मंचावर चढलात आणि माईकसमोर उभ्या राहिलात. मांडवभर माणसं, सगळी तोंडं तुमच्याकडे. तुम्ही तोंड उघडलंत, आवाज नाही. पुन्हा उघडलंत, नाही. मागे कोणीतरी हसलं. तुळशीरामनं खुर्चीत पाय पसरले. पुढच्या रांगेतून मला तुमच्या पायाची बोटं सतरंजीत रुतलेली दिसत होती, आणि मला काहीच करता येत नव्हतं. मी मनातल्या मनात कुरखेड्याच्या सगळ्या देवांना हाका मारत होते.

तुमच्या हातात दोरी होती. आता दोरी हातात आली की तिची दोन टोकं दोघांनी धरायची असतात, ही तुमच्या हाताची इतक्या वर्षांची सवय. तुम्ही उजवीकडे पाहिलंत. तिथे मोठे साहेब बसले होते.

"हे धरा जी," तुम्ही म्हणालात.

त्यांनी धरलं. का धरलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. तुम्ही सांगितलं की माणूस धरतो. मग तुम्ही डावीकडे वळलात. "अन् तू काऊन बसला? ऊठ, धर." तुळशीरामही उठला, काखेत छत्रीसकट. दोरी ताणली गेली. तुम्ही ओचा खोचलात आणि वाकलात.

त्या क्षणी मांडवातली सगळी तोंडं नाहीशी झाली असणार. तुमच्या डोळ्यांपुढे नुसती सतरंजी राहिली, आणि तुमचा बांधीतला आवाज सुटला. पऱ्हे नव्हते, तर तुम्ही मोठ्या साहेबांचा टेबलावर काढून ठेवलेला हार ओढलात आणि एकेका चिंधीला एकेक फूल मांडायला लागलात. "पाह्यलं काय जी? इथी एक, इथी एक. मधात निंदाले जागा राह्यते. हे पद्धत जपानची हाय. जपान शिरोंच्याच्या पल्याड, लई दूर." बीडीओ साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या छताकडे पाहिलं. एक ओळ झाली की तुम्ही मान वर न करता ओरडायचात, "सरका," आणि एका बाजूनं मोठे साहेब, दुसऱ्या बाजूनं तुळशीराम, दोघंही एकेक पाऊल मागे सरकायचे. माईकवाला बिचारा माईक हातात घेऊन तुमच्यामागे गुडघ्यावर चालत होता. त्याची काही गरज नव्हती, तुमचा आवाज रेल्वे स्टेशनपर्यंत जात असावा.

मोठ्या साहेबांना आता गंमत वाटायला लागली होती. दोरी धरल्या धरल्या त्यांनी विचारलं, "बाई, टोळीत एखादी मागे पडली तर काय करता?"

"तिले मधात घ्याचं जी. दोन्हीकडून हात चालले का तिचाबी चालते. कडेले टाकली तं मागं पडते, मागं पडली का रडते, अन् रडली का उद्या येत नाई."

"आणि मुकादम कुठे असतो?"

"मुकादमबी मधातच. धुऱ्यावर असते ते छत्री."

मांडव हसून लोटपोट झाला. तुळशीरामला छत्री कुठे ठेवावी कळेना, कारण दोन्ही हात दोरीला. तुम्ही मात्र हसला नाहीत, तुमचा रोवणा चालू होता. मागे सरकत सरकत तुम्ही टेबलाला धडकलात, तांब्या कलंडला आणि पाणी बीडीओ साहेबांच्या मांडीवरून ओघळत तुमच्या पायाशी आलं. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात, "बांधी फुटली काय वो?"

मग तुळशीरामची पाळी आली. तो माईकसमोर गेला, मान्यवर म्हणाला आणि पुढचं विसरला. मोठे साहेब त्याला अगदी मनापासून म्हणाले, "तुम्ही दोरी चांगली धरली." निकाल तिथेच लागला.

परतीच्या गाडीत तुम्ही वडशापर्यंत झोपलात. उठून मला विचारलंत, "मी काय बोलली वो?" मी सगळं सांगितलं. मोठ्या साहेबांनी दोरी धरली यावर तुम्ही काही केल्या विश्वास ठेवला नाहीत. म्हणालात, "काहीबी सांगतं."

त्यानंतर तुम्ही किती गावं पालथी घातलीत, किती घाबरट बायांच्या हातात दोरी दिलीत. त्यातल्या पुष्कळशा माझ्याकडे येऊन सांगायच्या, भागरताबाई आमाले पयल्या साली काईच बोलली नाई. मी गप्प बसायची, कारण त्यांच्या पट्ट्यात संध्याकाळी कोण वाकत होतं हे मला ठाऊक होतं. पण उभं राहून सभेत बोलणं तुम्हाला कधी जमलं नाही. पंचायतीत एकदा आग्रह झाला, तर तुम्ही वाकून बोलत बोलत मागे सरकलात ते दारापर्यंत, आणि तशाच घरी गेलात. लोक हसले, तुम्हीही दुसऱ्या दिवशी हसलात. मला मात्र तेव्हाही वाटायचं, या बाईनं एकदा ताठ उभं राहून बोलावं. ते राहिलंच.

यंदा आषाढात ताप आला आणि चारच दिवसांत सगळं आटोपलं. मी शेवटचं भेटायला आले तेव्हा सुभद्रा तुमचे पाय चेपत होती. तिच्या डोक्यावरून मी तुम्हाला खूण केली, आता तरी सांगा. तुम्हाला कळलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग तिच्याकडे पाहिलंत, ओठ हलले.

"पऱ्ह्याले पाणी सोडलं काय?"

"सोडलं," सुभद्रा म्हणाली.

"बरं," तुम्ही म्हणालात. बस, एवढंच. भागरताबाई, मी तुमच्यावर पुष्कळदा रागावले असेन, पण त्या दिवसाइतकी कधी नाही.

तेरवी झाली आणि बीडीओ साहेबांचा निरोप आला की जागा रिकामी आहे, टोळी कोण चालवणार ते बघायला येतो. तुळशीरामनं अर्ज दिलेला होताच. मी सुभद्राकडे गेले. ती परसात भांडी घासत होती. तिच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. तुम्ही माझ्या खोलीवर येऊन काय काय म्हणायचात ते, माह्या माघारी तेच चालवन हेही.

तिनं मान वर केली नाही. "खोटं बोलून राह्यल्या, बाई."

"शपथ घेते."

"आत्या असं बोलनच नाई. अन् म्हणत होती तं मले काऊन नाई म्हटलं? मले नाई जमत. जमत असतं तं इतक्या सालात एकदा तरी म्हटलं असतं."

बघा, काय करून ठेवलंत तुम्ही. तुमच्याजवळचं सगळ्यात चांगलं वाक्य तुम्ही माझ्याजवळ ठेवून गेलात, आणि माझ्या तोंडून ते खरं वाटेना. मी तिला आणखी पटवून पाहिलं. जितकं पटवावं तितके तिचे हात भांड्यावर जोरात चालत होते. शेवटी मी हरले आणि उठले. उठताना, दुसरं काही सुचेना म्हणून, तुमचंच केलं.

"उद्या पाटलांच्या मोठ्या बांधीत टोळी उतरते," मी म्हटलं. "दोरी तू आण."

"आणतो," ती म्हणाली. इतकं सरळ म्हणाली, जणू मी पाणी मागितलं होतं.

काल सकाळी धुऱ्यावर बीडीओ साहेब, पाटील आणि तुळशीराम उभे होते. खाली टोळी लागलेली. सुभद्रा मध्ये, मी तिच्या शेजारी. कोणाला ती काही बोलली नव्हती, तरी दोरी सरकत होती आणि ओळ मोडत नव्हती. साहेबांनी वरून विचारलं, "मुकादम कोण इथे?"

टोळीचे हात चालूच राहिले. तुळशीरामनं घसा साफ केला. आता मला बोललंच पाहिजे असं म्हणून मी कंबर सरळ करायला लागले, पण माझ्याआधी सुभद्रा उठली. हातातले पऱ्हे तिनं खाली ठेवले, पाठ ताठ केली, वळली. पदर डोक्यावरून घसरला होता, तो तिनं सारखा केला नाही. गालावर चिखल. साहेबांच्या अगदी तोंडाकडे पाहत ती म्हणाली, "मी हाव जी मुकादम. काय काम हाय? लवकर बोला, पाणी उतरून राह्यलं."

साहेब म्हणाले, "काही नाही बाई, चालू द्या." आणि तिघंही धुऱ्यावरून निघून गेले.

ती पुन्हा वाकली. मला मात्र लावता येईना, कारण डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं होतं. भागरताबाई, जे तुम्हाला जन्मात जमलं नाही ते तिनं केलं, तेही तुमच्या एका शब्दाशिवाय. तुम्ही असता तर आधी तिला काम टाकून उभी राहिल्याबद्दल झापलं असतंत, आणि संध्याकाळी माझ्या खोलीवर येऊन अंधार पडेस्तोवर तिचं कौतुक करत बसला असता. पण या वेळी मी ते ऐकून घेतलं नसतं. तुम्हाला हाताला धरून तिच्यासमोर नेलं असतं, आणि तिच्या तोंडाकडे पाहून सांगायला लावलं असतं.